माल रात्री कुठे निजतो?

गेल्या अंकात खारेबंदरच्या व्यापारी पेठेचा नकाशा छापून आला. हे शहर कुठल्या भूगोलात सापडायचे नाही. रविवारी दुपारी भाचरे म्हापशाला आमच्या सोप्यावर जमतात आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ खेळतात, त्यांच्यासाठी मी ते वहीत वसवले. पालिकेत ड्राफ्ट्समन म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, निवृत्तीनंतर हे एक शहर स्वतःचे. नकाशा बघून बरीच पत्रे आली. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा नाही. ज्यांनी ‘शहराचा राजा कोण?’ असे विचारले आहे त्यांनी मात्र माझी आशा सोडावी. राजाचे मला काही पडलेले नाही, बाजार चालू असला की झाले.

प्रश्न : मी एक अद्भुत कादंबरी लिहिते आहे. तिच्यातल्या व्यापारी पेठेत चाळीस दुकाने आहेत. प्रत्येकाला नाव दिले, पाटी दिली, मालक दिला. तरी ते प्रकरण वाचताना टेलिफोनची डिरेक्टरी वाचल्यासारखे वाटते. काय चुकते आहे? (वाचक, फोंडा)

उत्तर : ताई, तुमची दुकाने सदानकदा उघडी आहेत. एकदा ती बंद करून बघा.

माझ्या आजोबांचा म्हापशाच्या बाजारात पसरो होता. तांदूळ, गूळ, सुक्या मिरच्या, सोलां (आमसुले), खोबरेल, घासलेट आणि मीठ. शटर नव्हते. खाली उंबऱ्याला खाच, वर तुळईला खाच, आणि त्यांत एकामागून एक सरकवायच्या फणसाच्या नऊ फळ्या. फळ्यांवर डांबराने आकडे घातलेले. पाचवीच्या जागी सहावी कधी बसत नसे, कारण सुताराने प्रत्येक फळी तिच्या शेजारणीला लावून रंधलेली. नवव्या फळीत लहानशी दिंडी. तिच्यातून आजोबा वाकून बाहेर येत आणि कुलूप घालत. एका आषाढात तिसरी फळी पाणी पिऊन फुगली. वर जाईना, खाली येईना. आजोबा त्या रात्री गुळाच्या ढेपांशेजारी गोणपाट अंथरून निजले आणि आजीने मला पेजेचा डबा घेऊन पाठवले. सातआठ वर्षांचा असेन. कंदिलाच्या उजेडात बघतो तर हे दिवसाचे दुकानच नव्हे. मिठाची पेटी सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात, तिरक्या फळीवर, आणि खालच्या परातीत टप्प टप्प खारे पाणी गळते आहे. पावसात मीठ पाझरते हे मला तेव्हा कळले. मिरच्यांची पोती ओंडक्यांवर रचून जमिनीपासून वीतभर उचललेली. तांदळापाशी मांजर. घासलेटाचा डबा अगदी दाराशी, का तर आग लागलीच तर तो आधी बाहेर भिरकावता यावा. दिवसा या सगळ्यापुढे गिऱ्हाइके उभी असायची, म्हणून ते कधी नजरेला पडलेच नव्हते.

तेव्हापासून कुठल्याही दुकानाला माझा एकच प्रश्न असतो : माल रात्री कुठे निजतो? तुमच्या चाळीस जणांना तो विचारा. ज्या दोघांचे उत्तर सारखे येईल त्यांतला एक खोडा. बारा-पंधरा उरतील. कादंबरीला पुष्कळ झाली.

आणि हे एकदा ठरले की कोण कुठे बसणार हे वेगळे ठरवावे लागत नाही. रंगाऱ्याला वाहते पाणी हवे, पण त्याच्या खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याचा घाट नको. कातडी कमावणारा वस्तीपासून लांब, त्याच्याकडचा वारा वस्तीवर येणार नाही अशा बाजूला. लोहाराला गवताच्या वखारीजवळ कोणी थारा देत नाही. सोनाराला मात्र भर गर्दीच पाहिजे. त्याचा सगळा माल मुठीत मावतो आणि रात्री मालकाच्या उशाखाली निजतो.

दुसरे म्हणजे, सगळा व्यापार दुकानात कोंबू नका. आपल्या जुन्या गोव्याचे, पोर्तुगिजांच्या त्या जुन्या राजधानीचे, बघा. १५८३ साली आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून आलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने तिथल्या रुआ दिरैताचे, म्हणजे सरळ रस्त्याचे, वर्णन लिहून ठेवले आहे. सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ तिथे लिलाव चाले. (आपला ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगिजांचाच.) पुकारे करणारे लोक गर्दीतून फिरत, आणि विकायच्या सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या त्यांच्या अंगावरच टांगलेल्या असत! दुकान चालत येते आहे असे दृश्य. कोणी मेला की त्याची चीजवस्तू दमडी-दमडीपर्यंत त्याच लिलावात निघे, मग मेलेला साक्षात व्हाइसरॉय का असेना. नऊ वाजले की रस्ता पुन्हा रस्ता. आज व्हाइसरॉयच्या कमानीखालून वर चालत गेलात तर दोन्ही बाजूंना झाडी आहे आणि टुरिस्टांच्या बसगाड्या आहेत. मी तिथे दरवर्षी एकदा तरी जाऊन सकाळी सातला उभा राहतो. सौभाग्यवती म्हणते, तिथे काय ठेवलेय. काहीच ठेवलेले नाही, म्हणून तर.

तुमच्या पेठेत अशी दोन तासांची एखादी गोष्ट घाला. सुरुवात तिथूनच करा.

प्रश्न : काका, माझ्या शहरात ‘दिवेकरी’ नावाचा काजव्यांचा उजेड विकणाऱ्यांचा संघ आहे. त्यांच्या गिल्डहॉलचा आराखडा सोबत जोडला आहे. साठ फुटी घुमट, बारा खांब, संगमरवरी सभागृह. अजून काय हवे? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कुडाळ)

उत्तर : आराखडा सुबक आहे, रेघ चांगली आहे. स्वयंपाकघर कुठे आहे? म्हणजे हे दिवेकरी जमतात, भांडतात आणि उपाशी घरी जातात. असला संघ मी पाहिलेला नाही. आमच्या वाड्यावरच्या मंडळाचीसुद्धा आधी कढई आली आणि मग पावतीपुस्तक.

घुमट तूर्त खोड. संघघर (मी गिल्डहॉलला संघघर म्हणतो) हे दिमाखासाठी नंतर असते, आधी ते तीन-चार गरजांसाठी असते. इंग्लंडात यॉर्क गावी व्यापाऱ्यांचे एक संघघर अजून उभे आहे, १३५७ ते १३६१ मध्ये बांधलेले, लाकडी सांगाड्याचे. वर मोठे दालन, तिथे व्यवहार आणि मेजवान्या. त्याच्या खाली गोरगरीब आणि आजारी माणसांसाठी इस्पितळ. लागून प्रार्थनाघर. म्हणजे सभासद वर मटण खातो आहे आणि त्याच्या पायाखाली, एका तक्तपोशीच्या अंतरावर, खंगलेला जुना सभासद खाटेवर पडून वरच्या बुटांचे आवाज ऐकतो आहे. आता हे तुझ्या घुमटात कुठे बसवशील? आणखी एक ड्राफ्ट्समनच्या डोळ्यांना दिसलेली गंमत. त्या दालनाच्या मधोमध खांबांची रांग आहे, कारण एवढ्या रुंदीवर एकच छप्पर टाकण्याऐवजी दोन छपरे शेजारी-शेजारी टाकली आहेत. तुझे बारा खांब कडेने शोभेला उभे आहेत, त्यांतले सहा मध्ये आण. कोण कोणाला खांबाआड दिसत नाही, यावर तुझी निम्मी गोष्ट चालेल.

पण दाखल्यासाठी विलायतेलाच जायला पाहिजे असेही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवले. कोणाकडे? राजाकडे नव्हे, देवळाकडे नव्हे, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची आणि इतर खर्चाची सोय. एका श्रेणीने एक द्यावा आणि दुसरीने पाऊणच, हे मला फार दिवस खुपत होते. दुसरी जास्त भरवशाची असेल, की पहिलीला भांडवलाची जास्त निकड असेल? लेख काही बोलत नाही. तुझ्या शहरात दिवेकऱ्यांना एक आणि शेजारच्या संघाला पाऊण असा भाव लाव आणि लोकांना चहा पिता-पिता त्याची कारणे लढवू दे.

त्याच लेखात पुढे म्हटले आहे की ही सगळी गोष्ट निगमसभेत वाचून दाखवली आणि फलकांवर नोंदवली. निगमसभा म्हणजे व्यापाऱ्यांची सभा, आणि फलक म्हणजे आपली फळीच. हे वाचले तेव्हा मला आजोबांच्या डांबराचे आकडे आठवले. तेव्हा तुझ्या संघघरात नोंदीच्या फळ्या कुठे टांगतात ती भिंत आधी ठरव. तिच्यासमोर उजेड पाहिजे. तिच्यावर पावसाची झड येता कामा नये. काजव्यांच्या उजेडाचा धंदा, त्यामुळे तुला सोपे आहे.

पैशाची पेटी. युरोपातल्या अशा संघांच्या पेट्यांना एकाहून जास्त कुलपे असत आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. तीन किल्ल्या, तीन माणसे. त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. पुढचे तुला सांगायला नको.

चूल हा प्रश्न तर तुझ्या बाबतीत जास्तच बिकट आहे. नॉर्वेतल्या बर्गन बंदरावर हान्सा या व्यापारी संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांची लाकडी घरे-वखारी एकमेकांना खेटून होती. आगीच्या धास्तीने तिथे आत चूल पेटवायला बंदी. नॉर्वेच्या थंडीत! शेवटी मागच्या अंगाला वेगळी सभाघरे बांधली. स्वयंपाक तिथे, शेक घ्यायला तिथे, उमेदवार पोरांची शाळाही तिथेच. म्हणजे लोक संघघरात जमत त्याचे एक कारण निव्वळ ऊब होते. तुझे काजवे धुराने मरतात असे तूच लिहिले आहेस. मग दिवेकऱ्यांच्या राहत्या घरांतही चूल नको. सगळ्या आळीचे जेवण संघघराच्या परसात. बघ, आता तुझ्याकडे इमारत आहे.

मानापानाबद्दल दोन ओळी, कारण त्याशिवाय कुठलाही संघ खरा वाटत नाही. लंडनमध्ये शिंपी आणि केसाळ कातड्यांचे (फरचे) व्यापारी या दोन संघांत मिरवणुकीत सहावा कोण आणि सातवा कोण यावरून वैर पेटले. १४८४ मध्ये महापौराने निवाडा दिला : एक वर्ष हे सहावे, पुढच्या वर्षी ते, आणि दोघांनी एकमेकांना आपापल्या संघघरात जेवायला घालायचे. शेवटी स्वयंपाकघरच कामाला आले!

सभागृहाचा संगमरवर राहू दे हवा तर. पैसा आला की लोक तो लावतातच.

प्रश्न : तुमच्या खारेबंदरात छापखाना नाही, बंदूक नाही, वाफेचे यंत्र नाही. मग पेठेतल्या प्रत्येक घरावर मंगळुरी कौले कशी? (वाचक, मडगाव)

उत्तर : चूक. सरळ माझी चूक. मंगळुरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला १८६५ मध्ये काढला. ती साच्यातली, यंत्रावर दाबलेली, एकमेकांत खटका बसणारी कौले. त्याआधी आपल्याकडे कुंभाराच्या हातचे नळे, म्हणजे अर्धगोल कौले, होती. मी लहानपणापासून मंगळुरी कौले बघतो आहे, त्यामुळे ती मला डोंगरासारखी आपोआप उगवलेली वाटत असणार. नळे घालून नकाशा सुधारला आहे. एक फायदा असा झाला की नळे दर पावसाआधी परतावे लागतात, माकडे आणि मांजरे ते हलवतात, म्हणजे मे महिन्यात पेठेच्या छपरांवर माणसे चढलेली असणार. भाचा लगेच म्हणाला, मामा, मग चोर मे महिन्यातच येईल, छपरावरच्या माणसाकडे तेव्हा कोण बघतो. त्या रविवारी माझ्या वखारीतून त्याने दोन गाठोडी मिरी पळवली. हिशेब तुमच्या नावावर लिहिला आहे.

काचेच्या खिडक्यांबद्दलही तुम्ही हटकले आहे. त्याही काढल्या. शिंपल्यांची तावदाने घातली, जशी आपल्याकडच्या जुन्या घरांत असतात. उजेड येतो पण आतले काही दिसत नाही. व्यापाऱ्याला आणखी काय हवे.

प्रश्न : श्रीमंत व्यापाऱ्याचे घर दुकानाच्या वर दाखवावे की वेगळ्या वाड्यात? (वाचक, डिचोली)

उत्तर : माल सांगेल. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवरची घरे अरुंद आणि उंच. माल माळ्यावर, कारण खाली ओल. वर चढवायला छपराच्या टोकाशी बाहेर आलेली तुळई आणि तिला कप्पी. तिथे व्यापारी आपल्या मालाच्या खाली झोपतो. फ्लॉरेन्समध्ये ओर्सानमिकेले म्हणून इमारत आहे, १३३७ मध्ये धान्यबाजारासाठी बांधायला घेतलेली. वरच्या मजल्यांवर धान्याचे कोठार, आणि ते खाली यायला खांबाच्या पोटातून घसरणी. बाहेरच्या कोनाड्यांत शहरातल्या संघांनी आपापल्या संतांचे पुतळे बसवले, ज्यांना परवडले त्यांनी ब्राँझचे. सगळे जग पुतळे बघायला जाते. मला जायला मिळाले तर मी ती घसरणी बघेन.

आपल्याकडचे बघायचे तर पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी म्हामाय कामतांचे घर आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले मातब्बर व्यापारी घराणे. त्यांच्या पेढीचे कागद पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात जपून ठेवले आहेत, पोर्तुगीज, फ्रेंच, मोडीतले मराठी, सगळे एका दप्तरात. त्यावरून एक धडा मी खारेबंदरसाठी उचलला : व्यापाऱ्याच्या घरात सगळ्यांत महाग वस्तू तिजोरीत नसते, ती पत्रांच्या रुमालात असते. म्हणून माझ्या पेठेतल्या प्रत्येक मोठ्या घरात एक दप्तरखोली आहे, वाळवीपासून वाचवायला भिंतींपासून दोन हात सोडून मांडण्या, आणि तिची किल्ली घरातल्या म्हातारीच्या कमरेला.

शिवाय गिऱ्हाईक घरात कुठवर येते ते ठरवा. आमच्याकडे बाहेरच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) कोणीही टेकावे, रस्त्याने जाणाऱ्यानेसुद्धा. सोप्यावर ओळखीचा. राजांगणात, म्हणजे आतल्या चौकात तुळशीपाशी, फक्त घरचा. एखाद्या परक्या व्यापाऱ्याला मालकिणीने राजांगणात बोलावून पाणी दिले, एवढेच लिहा. सौदा झाला की नाही ते वाचकाला कळते.

प्रश्न : परदेशी व्यापाऱ्यांना (माझ्या कथेत ते अर्धे कासव आहेत) पेठेत जागा द्यावी का? (वाचक, पेडणे)

उत्तर : द्यावी, पण एका छताखाली आणि कुलपात. व्हेनिसने जर्मन व्यापाऱ्यांना तसेच ठेवले होते. आगीनंतर १५०८ पर्यंत पुन्हा उभारलेली त्यांची ती चौसोपी इमारत मोठ्या कालव्यावर अजून आहे. खाली वखार, वर राहायच्या खोल्या. मुक्काम तिथेच, माल तिथेच, आणि सौदा करताना शहराचा दलाल हजर पाहिजे. रात्री दार बंद. शहर म्हणणार, तुमच्या सोयीसाठी. कासवांना पाठीवर घर असताना वर खोलीचे भाडे का द्यावे लागते, हे त्यांनी विचारायलाच हवे. मला तुमची कथा आताच आवडू लागली आहे.

प्रश्न : पेठेत पहारेकरी किती, जकात किती टक्के, एका दुकानामागे लोकसंख्या किती धरावी? (तीन वेगवेगळी पत्रे)

उत्तर : जितके गोष्टीत बोलतील तितके पहारेकरी. जकात इतकी, की चुकवावीशी वाटेल. लोकसंख्या मोजत बसू नका. पालिकेत असताना मी ती मोजली आहे, त्यात काही मजा नाही.

प्रश्न : सावल्या शिवणाऱ्या शिंप्याचे दुकान दुपारी एक ते चार बंद असते असे तुमच्या नकाशावर लिहिले आहे. ही गोवेकरांच्या झोपेची थट्टा आहे का? (वाचक, वास्को)

उत्तर : अर्धी. ऐन दुपारी सावली पायाखाली गोळा होते, माप घेता येत नाही. पण ते कारण मला नंतर सुचले.

प्रश्न : माझ्या शहरात बाटलीतून वारा विकणारे एक दुकान आहे. ते कसे दिसत असेल? मी सातवीत आहे. (वाचक, सांखळी)

उत्तर : बाये, या महिन्यातले सगळ्यांत चांगले पत्र तुझे. तुझे उत्तर शेवटी ठेवले कारण त्यावर मी आठवडाभर विचार करत होतो.

आधी नेहमीचाच प्रश्न : वारा रात्री कुठे निजतो? फळीवर बाटल्या ओळीने ठेवल्या तर आतला वारा हलणार, बाटल्या किणकिण वाजणार आणि शेजारी तक्रार करणार. म्हणून त्या माशांच्या जाळ्यांत घालून छपराला टांगलेल्या. पाऊल टाकले की सगळ्या जराशा डोलतात. दुकानात वर बघत चालायचे.

गिऱ्हाईक कोण? नावाडी. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे असतील. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. शिडाची होडी पहाटे बाहेर काढायची तर मतलई हवा. तो पडलेला असला की नावाडी धावत येणार, अंधारात, ओल्या पायांनी. म्हणजे तुझे दुकान मध्यरात्री उघडते आणि सूर्य वर आला की बंद होते. उंबऱ्यावर पाय पुसायला काथ्याचे पायपुसणे ठेव. आणि कंदील काचेत नीट बंद केलेला, नाहीतर एक बूच निघाले की काळोख.

आता फसवणूक. बाटलीत वारा आहे की नुसतीच रिकामी बाटली आहे, हे कसे कळणार? आमच्या खेळात माझ्या भाचीने एकदा वारा विकत घेतला होता. होडी खडकाकडे चालली, तिने बूच काढले, आत काही नाही. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही, जणू मीच विकली होती. तेव्हापासून खारेबंदरात नियम आहे : प्रत्येक बाटलीच्या आत दोऱ्याला कोंबडीचे एक बारीक पीस बांधलेले असते. पीस हलत असले तरच संघाचा लाखेचा शिक्का बसतो. पीस थांबले की बाटली अर्ध्या किमतीत, पोरांना पतंगासाठी. तू दुसरी एखादी युक्ती काढलीस तर मला हवी आहे.

या धंद्याचा संघही असणार. त्याचे नाव मी ‘वारेकरी’ ठेवणार होतो, पण आषाढात पंढरपूरची वाट धरणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी डोळे वटारले.

पावसाळ्याचे काय, ते मात्र मला सुटलेले नाही. इथे जून-जुलैत मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, आणि वारा तर फुकट, नको इतका. तुझा दुकानदार तेव्हा काय करतो? जाळी बाहेर टांगून पुढच्या वर्षाचा माल भरतो का? पण मग त्या वादळात दुकान उघडे ठेवायचे तरी किती? सगळ्या फळ्या लावल्या तर वारा आत कसा येणार, आणि सगळ्या काढल्या तर छप्पर जाणार. त्याच्या दुकानाला किती फळ्या आहेत, पावसात त्यांतल्या कितव्या काढतो आणि कितव्या फुगून अडकतात, ते नकाशा काढून मला कळव. पेन्सिलने काढ, शाई पावसात पसरते.